जाळ भडंग आणि साधं भडंग

सांगलीत आमचं फरसाणचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, ‘आजचं आहे ना?’ आता कॉलेजची पोरं येतात ती थेट, ‘काका, यात सगळ्यात तिखट कुठलं?’ भाव नंतर.

एकट्या पोरांना कशाला नावं ठेवू? कोरियन नूडल्सची पाकिटं दारात मीच टांगलीत. सामयांग कंपनीने २०१२ साली काढलेल्या या बुलडाक नूडल्स. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्याने त्यातले तीन प्रकार बाजारातून काढायला लावले. एका पाकिटातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला जाळ, तब्येतीला धोक्याचं आहे म्हणे. पुढच्या महिन्यात दोन प्रकारांवरची बंदी उठली, तिप्पट तिखटवाल्याची राहिली. ती बातमी मोबाइलवर फिरली आणि पोरं नेमकं तेच पाकीट शोधत आली!

माझी तक्रार तिखटाबद्दल नाही. सांगलीकर तिखटाबद्दल कुठल्या तोंडाने तक्रार करणार? पण भडंगाला तिखट घालायची एक रीत आहे. आधी तेलात शेंगदाणे, मग सालीसकट ठेचलेला लसूण कुरकुरीत होईस्तोवर, कढीपत्ता, हिंग, हळद. गॅस बंद करायचा, तेल जरा निवू द्यायचं आणि मगच मिरचीपूड. घाई केली की पूड करपते आणि अख्खी कढई कडू. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी. नुसत्या ब्याडगीने भडंग लालभडक दिसेल, पण जिभेला काही कळणार नाही. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, त्यामुळे ते चुरमुऱ्या-चुरमुऱ्याला सारखं लागतं आणि लसणाच्या मागून येतं. पाकिटातल्या चिप्सवर मसाला तळणीनंतर वरून भुरभुरलेला असतो. तो आधी बोटांना लागतो, मग जिभेला, आणि मागे आंबट-गोड. पिठीसाखर आमच्याही भडंगात असते, नाकारत नाही. पण लसूण कुठाय?

खाऊन झालं की पोरं पाण्याच्या बाटलीवर तुटून पडतात. उपयोग शून्य, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. जिभेवरच्या ज्या यंत्रणेला चटका कळतो, तिलाच मिरचीही कळते. ती शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. दूध-दही बरं, त्यातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. म्हणून फ्रिजमध्ये आता ताकाच्या पिशव्याही ठेवतो. धंदा आहे शेवटी.

मुलगा मागे लागला होता, ‘बाबा, भूत जोलोकिया घालूया, रील चालेल.’ ते काही मी ऐकलं नाही. लवंगी वाढवली, तिच्या बरोबरीने लसूणही वाढवला, आणि बरणीवर ‘जाळ भडंग’ अशी चिठ्ठी त्याने लावली. संध्याकाळी ती बरणी आधी रिकामी होते, हे कबूल. पण हीच पोरं सुट्टी संपवून पुण्याच्या हॉस्टेलला निघाली की किलोभर बांधून नेतात ते साधं.