बिनछपराचं चर्च
आज लिस्बन पायी पालथं घातलं. पोटऱ्यांचे पार तुकडे पडलेत! फूटपाथ गुळगुळीत दगडांचे, त्यात चढ. दोनदा घसरता घसरता वाचले.

कार्मोच्या चर्चला छप्परच नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. सणाची सकाळ, शहरातली चर्चं गच्च भरलेली... आता कमानींच्या फासळ्यांमधून थेट निळं आभाळ आणि खाली गवत. तासभर नुसती बसून राहिले.

दुपारी बेलेंच्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर पाहिली. शाळेत '१४९८, कालिकत' एवढंच घोकलेलं. बाबा वारला कोचीत, १५२४ ला. अवशेष नंतर इकडे आणले. कबरीवर छोटंसं जहाज कोरलंय.

मग गरम पाश्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट, वर दालचिनी. दोन खाल्ले. (खरं तर तीन.)