फोडणीचा वास आणि कामगुण

प्रौढांच्या पाली वर्गात बहुतेकांना त्रिशरण-पंचशील लहानपणापासून पाठ असतं. त्यामुळे ‘कामेसु मिच्छाचारा वेरमणी’, म्हणजे कामांतल्या चुकीच्या वागण्यापासून दूर राहणं, हे शील म्हणताना ‘काम’ म्हणजे स्त्री-पुरुषांमधलं वाकडं वागणं, एवढंच मनात बसलेलं असतं. त्या रविवारी मी मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं महादुक्खक्खन्ध सुत्त शिकवायला घेतलं. त्यात पाच कामगुण, म्हणजे इंद्रियांना सुखावणारे विषय, आले: रूप, सद्द (आवाज), गन्ध, रस आणि फोट्ठब्ब, म्हणजे स्पर्श.

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई एकदम उठून उभ्या राहिल्या. “सर, फोडणीचा वास आला की मला बरं वाटतं. तोही कामच का? मग सकाळी शील घ्यायचं आणि अकराला मोडायचं?” त्यांचा आवाज कापत होता.

“ताई, शिलात सोडायचा आहे तो मिच्छाचार. पुढची ओळ वाचा.”

त्यांनी अडखळत वाचली. पाच कामगुणांमुळे जे सुख, जे सोमनस्स, म्हणजे मनाचा आनंद, उपजतं, तो कामांचा अस्साद. अस्साद म्हणजे आपला आस्वाद, गोडी. बुद्ध आधी ही गोडी आहे असं सरळ मान्य करतात. मग तिचा आदीनव, म्हणजे दोष, आणि शेवटी निस्सरण, सुटका. ‘काम’ला सरसकट ‘वासना’ म्हणणाऱ्या अनुवादांवर माझा राग आहे तो इथेच. वाचणाऱ्याला वाटतं, मोगराच अपवित्र आहे. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या पाली संग्रहातली गाथा मी फळ्यावर लिहिली: ‘सङ्कप्परागो पुरिसस्स कामो, नेते कामा यानि चित्रानि लोके.’ जगातल्या सुंदर वस्तू म्हणजे काम नव्हे; माणसाच्या संकल्पातली ओढ म्हणजे काम.

ताई बसल्या, पण पुस्तक त्यांनी मिटलं नाही. आदीनवाचा भाग त्याच वाचू लागल्या. त्याची सुरुवात पोट भरण्याच्या धडपडीने होते: थंडी, ऊन, डास, वारा, भूक, तहान. राबूनही हाती काही लागलं नाही तर शोक. लागलं तर ते राखायची काळजी: राजा नेईल, चोर नेतील, आग जाळेल, पाणी वाहून नेईल, नावडते वारस घेतील.

“हे तर माझंच लिहिलंय,” त्या म्हणाल्या. मागच्या बाकावरचे निवृत्त गिरणी कामगारही “माझंसुद्धा” म्हणाले. मग वारसांवरून वर्गात असं बोलणं सुरू झालं, की निस्सरण पुढच्या रविवारी घ्यावं लागलं.