सहा सेकंद

आज परत तेच. रास्पबेरी पाय फोर या छोट्या कॉम्प्युटरवर विंडोज ९५ चालू झालं, ढगांचं चित्र आलं, डेस्कटॉप दिसायला लागला आणि विंडोज सुरू होतानाचा आवाज आला तो अडकत अडकत. सहा सेकंदांचा तर आहे तो, ब्रायन ईनो या संगीतकाराने केलेला, पण शेवटचे सूर कसे विरत जातात हे कानाला इतकं पाठ आहे की ते मधेच कचकन तुटले तेव्हा पोटात कसंतरी झालं. एवढं लागण्यासारखं काय आहे त्यात? पण लागलं खरं.

दादा म्हणाला, अगं हे तर ३८६ सारख्या जुन्या प्रोसेसरवर चार एमबी रॅममध्ये चालायचं, तुझ्याकडे दीड गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत ना. आहेत. पण एक्स८६ ची, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरची, प्रत्येक इन्स्ट्रक्शन पाय फोरच्या एआरएम प्रोसेसरला कळेल अशी करून द्यावी लागते आणि डॉसबॉक्स-एक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचा नकली प्रोसेसर चालतो एकाच कोअरवर, बाकीचे तीन जवळपास रिकामे. हे त्याला सांगत बसले नाही. सगळं मीच एकटीने का निस्तरायचं असं वाटत होतं तेव्हा. आणि बाबांना ऐकवायचा होता तो आवाज. असो.

मग नुसतीच बघत बसले. स्क्रीनवर एकही विंडो उघडी नाही, माऊसला हात नाही, तरी तो एक कोअर शंभर टक्के आणि तापमान ८० च्या वर, म्हणजे चिप स्वतःच वेग कमी करणार आणि आवाज आणखी तुटणार. काही काम नसलं की प्रोसेसरला थांबवणारी एचएलटी नावाची इन्स्ट्रक्शन असते, ती ९५ देतच नाही. तेव्हाचे काही लॅपटॉप तिने जे थांबायचे ते परत उठायचेच नाहीत, म्हणून ती काढून टाकली होती. म्हणजे काम असो नसो, हे आपलं फिरतंच आहे. हे कळल्यावर माझा राग एकदम उतरला, का ते नीट सांगता येणार नाही, पण त्याच्याकडून जास्त वेग मागत राहणं मलाच नकोसं झालं.

डॉसबॉक्स-एक्समधल्या सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, मॅक्सवर होत्या, त्या २५,००० वर आणून ठेवल्या, म्हणजे साधारण जुन्या ४८६ प्रोसेसरच्या आसपास, आणि मिक्सरचा प्रीबफर, म्हणजे आधीच साठवून ठेवायचा आवाज, थोडा वाढवला. परत चालू केलं. आवाज आला, अख्खा, शेवटपर्यंत. बरं वाटलं, खूप बरं वाटलं, तरी मगाशी पोटात जे झालं होतं ते काही पूर्ण गेलं नाही, कारण ते आवाज तुटल्यामुळेच झालं होतं असं आता म्हणवत नाही.

माय कॉम्प्युटर उघडलं की आतले आयकॉन एकेक करून येतात. येऊ देत. सायकल्स आता वाढवणार नाही. उद्या सीडी ड्राइव्ह का दिसत नाही ते बघते.