मुहूर्ताची वेळ

आज एका लग्नपत्रिकेत फक्त मुहूर्ताची वेळ बदलायची होती. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी फाइल उघडली, तर कुणीतरी सगळा मजकूर कर्व्ह करून ठेवलेला. अक्षरं दिसतात, पण ती नुसती चित्रं! 'चि. सौ. कां.'पासून आहेराच्या ओळीपर्यंत सगळं पुन्हा टाइप केलं, युनिकोड फॉन्टमध्ये. इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये नेताना मी परिच्छेदाचं सेटिंग बदलायला विसरले आणि जोडाक्षरं सुटी झाली, वेलांटी भलतीकडे गेली. त्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपींची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) निवडल्यावर 'श्री' नीट जुळला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

प्रेसला कर्व्ह केलेली प्रत जरूर द्या. पण मित्रांनो, त्याआधीची फाइल फॉन्टसकट वेगळी जपा. लग्नघरात ऐनवेळी काहीही बदलतं.

उद्या सकाळी पत्रिका छपाईला जातेय.