कामाकुरा, 'लेट स्प्रिंग' आणि शेजारच्या आजी

सुट्टीच्या दिवशी लवकर उठायचं म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं, पण कामाकुरातल्या कावाकिता फिल्म म्युझियममध्ये जपानी दिग्दर्शक ओझूचा 'लेट स्प्रिंग' दाखवणार आहेत कळलं आणि सकाळीच टोकियोतल्या निशी-कासाईहून निघाले. टोकियो स्टेशनला योकोसुका लाइन पकडली की तासाभराचा प्रवास. मुद्दाम एक स्टेशन आधी, किता-कामाकुराला उतरले, कारण १९४९ चा हा सिनेमा सुरूच या स्टेशनवर होतो आणि ओझूसुद्धा तिथेच आहे, म्हणजे स्टेशनला खेटून एंगाकुजी मंदिर आहे ना, तिथे त्याची कबर आहे. कबरीवर नाव नाही, एकच अक्षर, 'मु'. काही नाही, शून्य, असं काहीतरी. आणि पुढ्यात कोणी कोणी ठेवलेल्या दारूच्या बाटल्या! १२ डिसेंबर १९०३ चा जन्म, आणि गेला तोही बरोबर साठाव्या वाढदिवशी.

तिथून चालत म्युझियम. परदेशी सिनेमे जपानात आणणारं आणि जपानी सिनेमे बाहेर नेणारं कावाकिता जोडपं जिथे राहायचं, त्याच जागेवर २०१० साली हे उघडलं. थिएटर एवढंसं, पन्नासेक खुर्च्या, बहुतेक सगळे आजी-आजोबा. सबटायटल नाहीत! माझं जपानी म्हणजे ऑफिसच्या मीटिंगपुरतं, पण घरी लॅपटॉपवर दोनदा बघितलेला त्यामुळे गोष्ट माहीत होती. बायको गेलेले प्रोफेसर, त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको, तिला बाबांना सोडून लग्नच करायचं नाहीये, आणि तिच्यामागे लागलेली आत्या. ही आत्या आपल्याकडे प्रत्येक घरात असते, नाव फक्त वेगळं.

घरी मला हा सिनेमा फार गंभीर वाटला होता. इथे मात्र आत्याला देवळात पडलेली पर्स सापडते, शुभशकुन आहे म्हणून ती चक्क ठेवून घेते, आणि पोलीस येताना दिसला की लगबगीने पायऱ्या चढायला लागते, तेव्हा अख्खं थिएटर खुदुखुदु हसत होतं. शेजारच्या आजींनी तर हसता हसता माझ्या हातात एक गोळी ठेवली, लिमलेटसारखी, कागद इतका कुरकुरणारा की मी ती तशीच मुठीत धरून बसले.

गंमत बघा, लग्नाचा सिनेमा आणि नवरामुलगा एकदाही दिसत नाही! लग्नही नाही. नटलेली नोरिको वाकून बाबांचा निरोप घेते पुढे तिच्या मैत्रिणीबरोबर बारमध्ये बसलेले बाबा, आणि मग रात्रीचं रिकामं घर, बाबा एकटेच सफरचंद सोलतायत. ओझूने म्हणे बाबांचं काम करणाऱ्या चिशू ऱ्यूला इथे हमसून रडायला सांगितलं होतं, त्याला जमेना, म्हणून नुसती मान खाली जाते. त्या वेळी ऱ्यू पंचेचाळीसचा, खरं वाटत नाही. साल खाली पडली आणि शेजारून पर्सच्या क्लिपचा टक् आवाज आला, आजी रुमाल शोधत होत्या.

बाहेर आल्यावर बाबांना फोन लावला. जेवलीस का, एवढंच विचारलं त्यांनी नेहमीसारखं, मग पाऊस आणि गॅस सिलिंडर.

सिनेमातलं ते देऊळ म्हणजे त्सुरुगाओका हाचिमानगू, म्युझियमपासून अगदी जवळ. गोळी तोंडात टाकून पायऱ्यांपर्यंत गेले. सगळीकडे शाळेच्या सहलीची पोरं. तरी मी जरा खाली बघतच चालत होते, पर्स वगैरे काही नव्हतं.