प्रोटॉन मरतो का?

निसर्गातली मूलभूत बलं मुळात एकच आहेत का, म्हणजे बलांच्या एकत्रीकरणाचा विषय निघाला की गप्पा लगेच स्ट्रिंग थिअरीकडे जातात, नाहीतर आयुष्याची शेवटची तीस वर्षं त्यात घालवणाऱ्या आइन्स्टाइनकडे. माझा जीव मात्र एका पडलेल्या सिद्धांतावर जडलाय. नाव एसयू(५), तीन बलांना एकाच चौकटीत आणणारा. हॉवर्ड जॉर्जी आणि शेल्डन ग्लॅशो यांनी तो १९७४ साली मांडला.

मी भौतिकशास्त्र शिकवते. ‘अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो’ हे वाक्य वर्गात इतक्यांदा उच्चारलंय की त्यातलं नवल केव्हाच उडून गेलं होतं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन हे दोन अगदी वेगळ्या जातीचे कण. वस्तुमानात १८३६ पटींचा फरक. तरी प्रभार तेवढाच आणि उलट! १ वर २१ शून्यं इतके भाग केले, तरी त्यातल्या एका भागाचाही फरक प्रयोगांत सापडलेला नाही.

एसयू(५) ने याचं उत्तर दिलं. विद्युतचुंबकीय आणि (काही किरणोत्सर्गामागचं) क्षीण बल तोवर सिद्धांतात एकत्र आली होती. जॉर्जी आणि ग्लॅशोंनी अणुकेंद्र बांधून ठेवणारं तीव्र बलही त्यांच्यात आणलं (गुरुत्वाकर्षण बाहेरच राहिलं) आणि क्वार्क (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण), इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो (प्रभार नसलेला हलका कण) यांना एकाच कुटुंबात बसवलं. कुटुंबाच्या प्रभारांची बेरीज शून्य यायलाच हवी. क्वार्कचे ‘रंग’ (डोळ्यांना दिसणारे नव्हेत, तीव्र बलाशी निगडित प्रकार) तीन, म्हणून त्याच्या वाट्याला इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश प्रभार. अशा तृतीयांशांनी बनलेल्या प्रोटॉनचा प्रभार मग नेमका इलेक्ट्रॉनएवढाच भरतो. संपलं. पहिल्यांदा हे गणित करून पाहिलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते.

पण एका कुटुंबातले कण एकमेकांत बदलूही शकतात. म्हणजे प्रोटॉनही कधीतरी फुटणार. सिद्धांताने त्याला आयुष्य दिलं साधारण १ वर ३१ शून्यं इतकी वर्षं. एवढी वाट कोण बघणार? त्यापेक्षा भरपूर प्रोटॉन गोळा करायचे. ३००० टन पाण्यात ते इतके असतात की वर्षाला शंभरेक तरी फुटायला हवेत. जपानमध्ये कामिओकाच्या खाणीत जमिनीखाली एवढं पाणी साठवून पहारा बसवला. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही शोध झाला. तिथे काही संशयास्पद घटना दिसल्या, पण इतरांना तसं काही आढळलं नाही.

कामिओकात प्रोटॉन फुटला नाही. १९८७ मध्ये फुटताना दिसलेल्या एका ताऱ्याचे न्यूट्रिनो मात्र तिथे टिपले गेले आणि पुढे या प्रयोगाचे प्रमुख मासातोशी कोशिबा यांना नोबेल मिळालं. नंतर आलेल्या सुपर-कामिओकांडेत ५०,००० टन पाणी. तिथेही काही नाही. एसयू(५) ने सांगितलेल्या मुख्य मार्गाने प्रोटॉन फुटत असेलच, तर त्याचं आयुष्य २ वर ३४ शून्यं वर्षांहून जास्त आहे. मूळ एसयू(५) निकालात निघाला.

नंतरच्या सिद्धांतांनी प्रोटॉनला हवं तेवढं दीर्घायुष्य देऊन सुटका करून घेतली. मला ती पळवाट वाटते, आमच्यातल्या काहींना ती सुधारणा वाटते. आता हायपर-कामिओकांडे बांधलं जातंय, आणखी कितीतरी मोठं. पैज लावायचीच झाली तर मी प्रोटॉन मरतो या बाजूने लावेन. पुरावा शून्य आहे, पण प्रभारांचा तो हिशेब मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.