बाबा मोजत राहायचे

बाबांना जाऊन पाच महिने झाले. चैत्रात गेले, ऐंशी पूर्ण झाली होती, झोपेतच गेले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि मी मात्र अजून कुणाशी त्यांच्याबद्दल धड बोलू शकली नाही, बोलायला गेलं की गळा भरून येते, म्हणून लिहून काढून राहिली आहे.

पुलगाव-आर्वी रस्त्यावरचं आमचं गाव. आता सगळे 'फौजीचं घर' म्हणतात पण त्याच्या आधी ते घाण्यावाल्याचं घर होतं. आजोबांचा बैलघाणा होता, जवस, तीळ, करडी, भुईमूग, लोक घरची पोती घेऊन यायचे आणि तेल आणि ढेप घेऊन जायचे. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, तिथं झवेरभाई पटेलांनी घाण्यात सुधारणा करून वर्धा घाणी तयार केली होती, ती बघायला आजोबा बैलगाडीनं गेले होते असं बाबा सांगायचे. पण गिरणीचं तेल स्वस्त पडायला लागलं आणि घाण्यावर कुणी येईना. शेवटी बैल विकला. "बैल इकला त्या रोजी बुढा जेवला नाही," एवढंच सांगायचे बाबा, आणि दरवेळी तेवढंच सांगायचे.

१९६३ मधे, चीनच्या लढाईनंतर फौजेत मोठी भरती निघाली होती. बाबा एकोणीस वर्षांचे. पुलगावला दारूगोळ्याचा डेपो असल्यामुळं फौजी गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या, भीती नव्हती. खडकीला बॉम्बे सॅपर्समधे लागले. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे आणि सुरुंग पेरणारे. १९६५ झालं, १९७१ ला पाकिस्तानातल्या शकरगडकडे होते. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ट्रंकेत नॅप्थालीनच्या गोळ्यांसोबत ठेवलेले असायचे, २६ जानेवारीला शाळेत बोलावलं की तेवढ्यापुरते बाहेर निघायचे.

आम्ही भावंडं मागं लागायचो, बाबा लढाईचं सांगा ना. आम्हाला टँक पाहिजे होते, गोळीबार पाहिजे होता. ते सांगायचे सुरुंग मोजायचं. पेरताना एकेक सुरुंग कागदावर लिहून ठेवायचा, कोणत्या ओळीत किती, आणि लढाई संपल्यावर तेच सुरुंग परत काढायचे, सळई तिरपी घालून जमीन टोचत टोचत, पालथं पडून. संध्याकाळी हिशोब. "दोनशे पेरले अन एकशे नव्व्याण्णव निघाले, त मंग दिवस संपला नाही पोट्टे हो. तो एक कोन्या तरी शेतकऱ्याच्या बैलाखाली जाईन." आम्हाला तेव्हा ही गोष्ट बोअर व्हायची. आज वाटते की बाबा सगळेच्या सगळे त्या एका गोष्टीत होते.

१९७८ मधे पेन्शन घेऊन आले आणि घरात चार महिनेही राहिले नाहीत, तेल काढणाऱ्या सरकारी ओएनजीसीत लागले. आधी गुजरातमधे अंकलेश्वरला, मग समुद्रात, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रावर, ज्याला नंतर मुंबई हाय म्हणायला लागले. सागर सम्राट जहाजानं १९७४ मधे तिथं तेल शोधलं होतं आणि १९७६ पासून ते निघायला लागलं होतं, म्हणजे बाबा गेले तेव्हा सगळं नवं नवं होतं, भरती जोरात होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, जुहूवरून हेलिकॉप्टरनं जायचं. ज्या माणसानं वयाच्या एकोणीसपर्यंत वर्धा नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं तो चौदा चौदा दिवस समुद्राच्या मधोमध लोखंडावर राहायचा!

रिगवर, म्हणजे तेलाची विहीर खोदायच्या त्या लोखंडी सांगाड्यावर पण मोजणंच. पाईपाला पाईप जोडत खाली सोडायचे, एकेक पाईप तीस फुटाच्या आसपास, आणि बिट, म्हणजे खाली खोदणारं टोक, किती खोल गेला हे पाईप मोजून कळते. म्हणून प्रत्येक पाईपाची लांबी टेप लावून वहीत लिहायची, एक पाईप जरी मोजायचा राहिला तर खोलीचा सगळा हिशोब चुकला. बाबांची ती वही माझ्याकडे आहे. कडा काळपट झाल्या आहेत, पानं उलटली की अजून थोडा वास येते, कच्च्या तेलाचा आणि मडचा, म्हणजे विहीर खोदताना वापरतात त्या चिखलाचा, किंवा मलाच येत असेल. मधेच एका पानावर पाईपांच्या आकड्यांखाली लिहिलं आहे, 'राजूचे बूट नं. ४, बाईची फ्रॉक, आईले विचारणे'. बाई म्हणजे मी, राजू माझा भाऊ.

चौदा दिवस ड्युटी, चौदा दिवस सुट्टी. लोक आईला म्हणायचे, नवरा अर्धं वर्ष घरात नसते बाप्पा, कसं करतं तू. मी आज ठामपणे सांगते, आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या कितीतरी बापांपेक्षा माझा बाप जास्त घरी होता. रात्रीच्या गाडीनं पुलगावला उतरायचे, सकाळी घरी, आंघोळ करून सरळ चुलीपाशी बसायचे आणि आई भाकरी टाकत असायची. भाकर, जवसाची चटणी आणि वरून कच्चं खायचं तेल, बस. जाताना त्याच चटणीचा डबा घेऊन जायचे, रिगवरचे पंजाबी आणि आसामी पोरं दोन दिवसांत डबा चाटून साफ करायचे म्हणे. आमच्या वह्या बघायचे, आईच्या हातची सगळी कामं काढून घ्यायचे, पाणी भरायचे, कुणी हसलं तरी धुणं वाळत घालायचे.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी ओढत नेतात त्या सणाला, सुट्टी यायलाच पाहिजे म्हणून आधीपासून कोणाकोणाशी ड्युटी बदलून ठेवायचे. राजूसाठी सागवानाचा नंदी त्यांनी स्वतः केला, सुट्टीभर ओट्यावर बसून, रंधा मारून मारून. बाकीच्या पोरांच्या नंदीला लाकडी चाकं असायची, ओढले की खडखड करत फरपटायचे. बाबांनी पुलगावच्या गॅरेजमधून जुने बेअरिंग आणले, डिझेलमधे धुतले, एकेक बोटावर फिरवून कानापाशी धरून ऐकलं आणि चार ठेवले. आमचा नंदी पळायचा. राजू पुढं, नंदी मागं, आणि त्याच्या मागं सगळी आळी.

आणि रात्री चपला. घरी असले की झोपायच्या आधी बॅटरी घेऊन ओट्यावर जायचे आणि चपलांचे जोड मोजायचे. माझा भाऊ अमरावतीला होस्टेलला गेला तेव्हा मी मुद्दाम ऐकलं, हळू आवाजात म्हणत होते, "चार इथं. एक अमरावतीले." माझं लग्न झालं तेव्हापासून "एक यवतमाळले" पण त्यात आलं, हे आईनं सांगितलं मला.

२००४ मधे रिटायर झाले. पुढच्या वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, आणि २७ ला त्या पुराच्या बातम्यांतच खाली पट्टी आली की मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला आग लागली. मी तेव्हा माहेरी होती. बाबा उठून टीव्हीपाशी उभे राहिले ते उभेच. एका कुकची बोटं कापली म्हणून त्याला उपचारासाठी जहाजातून प्लॅटफॉर्मवर आणून राहिले होते, लाटांमधे जहाज धडकलं, तेल-वायूचा उभा पाईप फुटला. दोन तासांत आख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात. बाबा कॅलेंडर काढून त्याच्या मागं नावं लिहीत बसले, कोण ड्युटीवर असेल, कोण सुट्टीवर. फोन लागत नव्हते. ३८४ माणसं होती, ३६२ निघाली, २२ गेली, हा आकडा पक्का व्हायला किती दिवस लागले, आणि तोपर्यंत रोज ती नावं, रोज एखाद्यावर रेघ, हा सापडला, हा सुट्टीवर होता. तीन नावांवर रेघ पडलीच नाही. त्या रात्री ताट तसंच राहिलं आणि बॅटरी घेऊन ते दोनदा ओट्यावर गेले.

नुकताच तान्हा पोळा झाला. राजूचा मुलगा सहा वर्षांचा आहे, माळ्यावरून तोच नंदी काढला. चाकं करकर करत होती. मी स्वयंपाकघरातून जवसाचं तेल आणलं आणि चारही बेअरिंगला भरपूर सोडलं, पोराला म्हटलं आता बघ कसा पळते. पळाला पण. चार दिवसांनी बघतो तर एकही चाक फिरेना, चिकट पिवळी खपली धरलेली. आणि मग आठवलं, हे तर मला माहीत होतं, बाबांनी शंभरदा सांगितलेलं, अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे थेंब चोळून दाखवलेलं, "बाई, जवसाचं तेल वायते, सुकून घट्ट होते. रंगात टाक, लाकडाले लाव, चटणीवर घे. पन मशीनले नोको लावू."

राजूनं डिझेल आणलं. ओट्यावर बसून आम्ही दोघांनी चारही बेअरिंग काढले, धुतले, एकेक कानापाशी धरून ऐकले आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन दोन थेंब सोडले.